छतावरचे जादा दिवे: ऑफरोड गाडीसाठी निवडावेत कसे, बसवावेत कसे

थार किंवा जिम्नी दारात आली की दोन-तीन महिन्यांत छतावर लाइट बार, म्हणजे एलईडी दिव्यांची आडवी पट्टी, चढवायची हौस येतेच. त्यात वावगं काही नाही. फक्त दुकानात जाऊन "सगळ्यात मोठा द्या" म्हणण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. छतावरचा दिवा अंधारासाठी आहे. धुक्यात तो उपयोगाचा नाही आणि डांबरी रस्त्यावर तो लावायचाच नाही.

जुलैमध्ये आंबोलीच्या किंवा माळशेजच्या घाटात छतावरचा बार लावून बघितलेल्यांना हे लगेच पटेल. दिवा डोळ्यांच्या जवळ आणि वर असतो. त्याचा उजेड समोरच्या धुक्यातल्या थेंबांवर आपटून सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. मुसळधार पावसात तेच होतं आणि उन्हाळ्यात पुढच्या गाडीची धूळ उडत असली तरी तेच. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतात ते याच कारणासाठी: धुक्याचा थर खालून कापायचा आणि उजेड वर जाऊ द्यायचा नाही. पिवळा दिवा डोळ्यांना सौम्य वाटतो हे खरं, पण धुक्यात रंगापेक्षा दिव्याची उंची महत्त्वाची. तुमचं रात्रीचं बहुतेक ड्रायव्हिंग पावसाळ्यात घाटातच होत असेल, तर छताचा विचार सोडा आणि चांगल्या फॉग लॅम्पवर पैसे घाला.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेतली तरच तो लावता येतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करायला आडकाठी करतं. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर छतावरचा बार पेटवणं चूक आहेच, आणि तो बसवलेला दिसला तरी पोलीस हटकू शकतात. काळं कव्हर घातलं की सगळं कायदेशीर झालं, असं दुकानदार सांगतात. त्यावर विसंबू नका.

समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचाही विचार करा. आपल्याकडे अपर मारून चालणाऱ्या गाड्यांनी तो आधीच हैराण असतो. त्यात दोन मीटर उंचीवरून शंभर वॅटचा झोत डोळ्यांवर आला तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही, आणि घाटाच्या वळणावर तेवढे क्षण जीवघेणे ठरतात.

म्हणून नवख्यांना माझा सल्ला एकच असतो: दिवा काढता-घालता येईल असाच बसवा. ब्रॅकेट आणि वायरिंग कायमचं करा, आणि दिवा मात्र दोन बोल्ट आणि एका वॉटरप्रूफ कनेक्टरवर सुटा होईल असा ठेवा. खाजगी प्लॉटवर, स्पर्धेच्या ट्रॅकवर किंवा शेतातल्या कामाला जाताना चढवायचा, परतताना काढून डिकीत टाकायचा. याने चोरीची भीती जाते, वाऱ्याची शिट्टी जाते आणि इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये शिरताना मान वर करून बघावं लागत नाही. जिम्नी १,७२० मिमी उंच आहे. तिच्यावर कॅरियर आणि दिवा चढला तरी जमतं. थार मुळातच साडेअठराशे मिमीच्या आसपास आहे, आणि टायर मोठे केले असतील तर हिशोब आणखी बिघडतो. चढवण्याआधी टेप घेऊन मोजाच.

आधी काम ठरवा, मग दिवा

छतावरच्या दिव्याचा खरा फायदा उंचीचा. पावसाळा संपल्यावर सड्यावर कमरेएवढं गवत असतं आणि त्यात हेडलाइटचा उजेड दहा फुटांत अडतो. वरचा दिवा गवताच्या डोक्यावरून पुढे बघतो. चढ संपून उतार सुरू होताना बॉनेट आभाळाकडे असतं, तेव्हाही वरून रुंद पसरलेला उजेड कामी येतो. अडकलेली गाडी विंचने ओढायची असेल, रात्री टायर बदलायचा असेल, तेव्हा तर तो हवाच.

पण याच उंचीचा एक तोटा आहे, आणि तो फारसं कोणी सांगत नाही. उजेड डोळ्यांच्या जवळून आला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात. जमीन सपाट दिसायला लागते. खड्डा, चाकोरी, जांभ्याचा वर आलेला दगड, सगळं एका पातळीत वाटतं. बंपरच्या उंचीवरून आलेला उजेड आडवा पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यामागे लांब सावली पडते आणि खोली कळते. म्हणून छतावरचा दिवा एकटा कधीच वापरू नका. खालचे हेडलाइट चालू ठेवून त्यांच्या जोडीला तो लावा. बजेट एकाच दिव्याचं असेल, तर पहिली जोडी बंपरवर आणि छत नंतर, असंच मी सांगेन.

बीमचे प्रकार तीन. स्पॉट म्हणजे अरुंद झोत, लांब जाणारा. फ्लड म्हणजे जवळचा, पण रुंद. कॉम्बो म्हणजे मधे स्पॉट आणि दोन्ही कडांना फ्लड. सह्याद्रीतल्या वाटांवर आपण दहा-पंधराच्या वेगाने चालतो आणि दर वीस मीटरवर वळण असतं. तिथे अर्धा किलोमीटर लांब जाणारा झोत झाडावर नाहीतर दरीपलीकडच्या डोंगरावर पडतो. छतासाठी फ्लड घ्या, फार तर कॉम्बो. निव्वळ स्पॉट राजस्थानातल्या वाळवंटात किंवा कच्छच्या रणात, जिथे समोर मोकळं रान आहे, तिथे शोभतो.

रंगाचं तापमान ४,००० ते ५,००० केल्विनच्या दरम्यान बघा. ६,५०० चा निळसर पांढरा उजेड शोरूममध्ये डोळे दिपवतो, पण लाल मातीत आणि ओल्या पानांत त्याने बारकावे पुसट होतात.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

"३०० वॅट, ३०,००० लुमेन" असं छापलेला बार स्वस्तात मिळत असेल तर दुकानातच एक चाचणी करून घ्या. बॅटरीवर जोडा आणि क्लँप मीटरने अँपिअर मोजा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ व्होल्टला ५ अँपिअर खेचत असेल तर तो ६० वॅटचा दिवा आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. जो दुकानदार मोजू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे समोरच्या जागेवर प्रत्यक्ष पडणारा. लुमेनपेक्षा लक्सचा आकडा कामाचा. "५०० मीटरवर १ लक्स" असं लिहिलेलं असतं. १ लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या चार-पाच पट. त्यात गाडी चालवता येत नाही. पण त्यावरून हिशोब करता येतो: अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. २५० मीटरवर ४ लक्स, ५० मीटरवर १०० लक्स. आपल्याला लागतो तो हाच पन्नास मीटरच्या आतला उजेड. खरे १०० ते १२० वॅट छतासाठी पुरेसे आहेत.

पाण्याबाबत किमान आयपी६७ हवं. त्याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास दिवा टिकेल. याशिवाय दिव्याच्या पाठीमागे हवा जाण्याची छोटी झडप, म्हणजे ब्रीदर, आहे का ते बघा. तासभर पेटलेला गरम दिवा ओढ्याच्या गार पाण्याने भिजला की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून दव दिसतं ते असं. ब्रीदर असला की दाब सारखा राहतो.

दिवा हातात घेऊन वजनही बघा. मागच्या ॲल्युमिनिअमच्या उभ्या पट्ट्या (फिन) जाड असल्या तर एलईडीची उष्णता बाहेर जाते. हलका-फुलका बार दहा मिनिटांत तापतो आणि उजेड आपोआप उतरतो.

पन्नास इंची बार मी नवख्यांना सुचवत नाही. तो दोन टोकांवर टेकतो, मधे थरथरतो, आणि कच्च्या वाटेवर पहिलं ब्रॅकेट तुटतं ते त्याचंच. वीस-बावीस इंची एक बार किंवा चार पॉड, म्हणजे छोटे सुटे दिवे, सोयीचे. चारांतला एक बिघडला तरी तीन चालतात, आणि कडेचे दोन थोडे बाहेर वळवता येतात.

कुठे टेकवायचा

छताला भोक पाडू नका. एकदा पत्रा कापला की गंज आणि गळती कायमची मागे लागते, आणि कोकणात तर दोन पावसाळ्यांत कळतंच.

जिम्नीला छताच्या कडेने पन्हळ आहे, तिला धरणारे क्लँप मिळतात. क्लँपच्या तोंडाखाली रबराची पट्टी घालाच. रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. कॅरियर असेल तर त्याच्या पुढच्या आडव्या नळीवर दिवा लावणं सगळ्यात सोपं. सॉफ्ट टॉप थारच्या कापडी छतावर काहीच टेकवता येत नाही. तिथे पुढच्या काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर बसणारे ब्रॅकेट घ्यावे लागतात, किंवा बॉडीवर उभा राहणारा बाहेरचा सांगाडा. कुठलंही कॅरियर चढवण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये छताची वजनमर्यादा वाचा, आणि तीत कॅरियरचं स्वतःचं वजनही धरा.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. साधा नट थरथरीने हमखास सैल पडतो. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनिअमच्या ब्रॅकेटला थेट टेकला आणि वर खारी हवा लागली की ॲल्युमिनिअम पांढरं पडून झिजतं. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे गाडी असेल तर मधे नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना थोडं ग्रीस लावा.

बोल्ट पक्के करण्याआधी रात्रीची एक तपासणी करा, ती चुकवू नका. दिवा नुसता जागेवर धरा, बॅटरीवरून तात्पुरता जोडा आणि चालकाच्या सीटवर बसा. उजेड बॉनेटवर पडून चमकतोय का? काचेच्या आतल्या बाजूला झाक येतेय का? येत असेल तर दिवा दोन-चार इंच मागे सरकवा, म्हणजे छताची पुढची कडच बॉनेटवरचा उजेड अडवते. तेवढ्याने भागलं नाही तर दिव्याखाली आडवी पट्टी लावा. बॉनेटला मॅट काळा रॅप लावूनही चमक बरीच कमी होते.

वायरिंग: खरे पैसे इथे घाला

गाड्यांना आगी लागतात त्या दिव्यामुळे नाही, वायरिंगमुळे. बॅटरीतून थेट स्विचला आणि स्विचमधून दिव्याला अशी जोडणी मी गॅरेजमध्ये पाहिली आहे. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून दहा अँपिअर जात होते आणि त्याचं प्लॅस्टिक वितळून आतली पत्ती चिकटून बसली होती. दिवा बंदच होईना, शेवटी बॅटरीची वायर उपटावी लागली. यावर उपाय म्हणजे रिले. स्विचमधून अगदी थोडा करंट जातो आणि रिलेला चालू करतो. जड करंट बॅटरी ते रिले ते दिवा असा बाहेरच्या बाहेर जातो.

चार पिनांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घ्या. पिनांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून दिव्याकडे. ८६ वर स्विचकडून आलेली बारीक वायर. ८५ अर्थिंगला. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधली ८७ए ही पिन मोकळी सोडा. तिच्यावर दिवा जोडला तर स्विच बंद असताना पेटेल आणि चालू केल्यावर विझेल.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, पुढे नाही. फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला मात्र फ्यूजचं संरक्षण नसतं. तो इंजिनवर घासून सोलला गेला आणि बॉडीला टेकला तर त्याला थांबवणारं काही नसतं. १२० वॅटचा दिवा सुमारे १० अँपिअर खातो, त्याला १५ चा फ्यूज बरोबर. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून ३० चा घालायचा नाही. का उडतोय ते शोधायचं.

वायर किती जाड? बॅटरीपासून छतापर्यंत वळणं धरून पाच मीटर, परतीचे पाच, म्हणजे दहा मीटर तांबं. १० अँपिअरला १ स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २.५ स्क्वेअर एमएममध्ये ०.७, आणि ४ मध्ये ०.४. छतासाठी २.५ पेक्षा बारीक नको. दोन बार असतील तर ४ घ्या. दिव्यासोबत खोक्यात येणारं तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हात लावून बघा. बाहेरचं प्लॅस्टिक जाड आणि आतले तांब्याचे धागे मोजके, असं पुष्कळदा असतं. मग रिले आणि स्विच ठेवा, जाड वायरी बदलून टाका.

आता प्रत्यक्ष काम. सर्वात आधी बॅटरीचं ऋण टोक काढा. रिले इंजिनच्या खोलीत, पाण्यापासून आणि एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर, पिना खाली येतील असा बसवा, म्हणजे वायरींवरून ओघळणारं पाणी त्यात जमणार नाही. वायर बॉनेटच्या बिजागरीजवळून बाहेर काढा, काचेच्या कडेने ए-पिलरवरून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरून, वर न्या, आणि सगळीकडे काळी खाचांची लवचीक नळी घाला. बॉनेट दोन-तीनदा उघडून-मिटून वायर कुठे चिमटत नाही ना ते पाहा. ज्या गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग आहेत, जिम्नीत त्या आहेतच, तिथे ए-पिलरच्या आतल्या कव्हरमधून वायर नेऊ नका. एअरबॅग उघडताना आड आलेली वायर जिवावर बेतू शकते.

स्विचची बारीक वायर केबिनमध्ये न्यायला फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, कंपनीचं रबरी ग्रोमेट (भोकाला बसवलेली कडी) असतं, त्यातूनच न्या. ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वायरीवरून आत येत नाही. कनेक्टरपाशीही हाच झोळ ठेवा.

स्विचला वीज इग्निशन चालू असतानाच येणाऱ्या फ्यूजवरून घ्या. त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये खोचायचा फ्यूज टॅप मिळतो. हेडलाइटची वायर सोलून तिथून जोड घेऊ नका. आजच्या गाड्यांत हेडलाइट कंट्रोल मॉड्युलवर चालतात, डॅशबोर्डवर इशारे पेटू लागतात आणि वॉरंटीचा वाद निर्माण होतो. अर्थिंग बॉडीच्या ठरलेल्या बोल्टवर, रंग खरवडून, घट्ट. काही गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, त्याला डावलून थेट टोकावर जोड देऊ नये.

जोड कसा करायचा? पीळ मारून टेप गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत मोडायला हवी. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, पाणी शिरतं आणि सहा महिन्यांत आतलं तांबं हिरवं पडतं. योग्य मापाचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, घ्या, सहा-सात मिमी वायर सोला, क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा आणि हाताने जोरात ओढून बघा. निघाला तर तो जोड नव्हताच. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, जी तापवली की आकसून घट्ट बसते. दर वीतभर अंतरावर टाय मारा. सगळं झाल्यावर शेवटी बॅटरी जोडा, दिवा वीस मिनिटं पेटता ठेवा आणि रिले, फ्यूज, प्रत्येक जोड हाताने चाचपून बघा. कोमट ठीक आहे. हात ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करा.

हे स्वतः करायचा धीर नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण वायरीचं माप आणि फ्यूजची जागा तुम्ही सांगा आणि काम होईपर्यंत तिथे थांबा.

नेम लावणं

सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा नेहमीची, टाकीत डिझेल-पेट्रोल निम्मं, गाडीत नेहमीचं सामान. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. समजा ती १.९ मीटर आली. झोताचा मध्य ५० मीटरवर जमिनीला टेकायला हवा असेल तर भिंतीवर तो रेघेच्या ३८ सेंटीमीटर खाली पडला पाहिजे. ३० मीटरवर टेकायला हवा असेल तर ६३ सेंटीमीटर खाली. आपल्या वाटांसाठी मी तीस ते चाळीस मीटर धरतो. बोल्ट आवळा आणि ब्रॅकेटवर मार्करने खूण करा, म्हणजे काढलेला दिवा पुन्हा चढवताना सगळं नव्याने करायला नको.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा.

वापरताना

इंजिन बंद करून बार पेटता ठेवू नका. साठ अँपिअर-तासांची बॅटरी दोन बारांच्या वीस अँपिअरवर दीड तासात निम्मी रिकामी होते, आणि मग पहाटे स्टार्टर फिरत नाही. मुक्कामाच्या जागी उजेड हवा असेल तर दहा-वीस वॅटचा वेगळा छोटा दिवा ठेवा.

ताफ्यात चालत असाल तर पुढच्या गाडीच्या मागे बार बंद. समोरून कोणीही येताना दिसलं, मग तो बैलगाडीवाला असो की पायी चाललेला माणूस, हात आधी स्विचवर गेला पाहिजे. म्हणून स्विच न बघता सापडेल अशा जागी बसवा. अभयारण्यात आणि राखीव जंगलात रात्री गाडी घालायचीच नाही. झोत डोळ्यांवर पडलेलं जनावर जागच्या जागी थिजतं.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, अर्धा तास काढून कनेक्टर उघडा, पिना कोरड्या आणि चकचकीत आहेत का बघा, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरून बंद करा. दिवा काढून ठेवलेला असेल तर गाडीवरच्या कनेक्टरला टोपी घाला. उघड्या तोंडात चिखल गेला की तो सुकून दगड होतो आणि पिना वाकतात. पाण्याची चाचणी घरीच बादलीत करता येते: दिवा दहा मिनिटं पेटवून गरम करा, बंद करा, पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून दव दिसतं का ते बघा. दिसलं तर वॉरंटी संपायच्या आत बदलून घ्या.